तोंडातील बुरशीचा थर आणि त्यातून होणारे आजार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातील खेड्यांतून तोंडाची तक्रार घेऊन येणारी बहुतेक माणसे ‘तोंड आले आहे’ एवढेच सांगतात. त्यामागे कधी रक्ताची कमतरता असते, कधी खर्ऱ्यातील (सुपारी-तंबाखूच्या घोटलेल्या मिश्रणातील) चुन्याने भाजलेली त्वचा असते, आणि पुष्कळदा कोणाच्या ध्यानातही न आलेला बुरशीचा चिवट थर असतो. या थराविषयी रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

तोंडात बुरशी येते कोठून? आम्ही तर रोज दात घासतो.

ती बहुधा बाहेरून आलेली नसते. कँडिडा नावाची बुरशी निरोगी माणसांपैकी जवळपास निम्म्यांच्या तोंडात आयुष्यभर राहते आणि काहीही त्रास देत नाही. तिच्या अनेक जाती आहेत. त्यांतील ‘कँडिडा अल्बिकन्स’ ही तोंडाच्या आजारांत सर्वाधिक आढळते. १८३९ मध्ये जर्मनीतील बर्नहार्ड लांगेनबेक यांनी विषमज्वराच्या एका रुग्णाच्या तोंडात व घशात साचलेल्या पांढऱ्या थरात अशी बुरशी पाहिली, आणि तीच विषमज्वराचे कारण असावी असे त्यांना वाटले. प्रत्यक्षात विषमज्वराने शरीर खंगले होते म्हणून बुरशीला वाव मिळाला होता. कारण आणि परिणाम यांची ही अदलाबदल आजही होते. बुरशी दिसली की बुरशीवर औषध दिले जाते. ती आताच का वाढली, हा प्रश्न मात्र राहून जातो.

बुरशीचा ‘थर’ म्हणजे नेमके काय?

पाण्याच्या हौदाच्या आतल्या भिंतीवरून बोट फिरवले की बुळबुळीत लागते. नुसते पाणी ओतून तो बुळबुळीतपणा जात नाही, त्यासाठी हौद रिकामा करून काथ्याने घासावा लागतो. शास्त्रज्ञ ज्याला बायोफिल्म किंवा जैवपटल म्हणतात, ते हेच होय. कोणत्याही ओल्या पृष्ठभागाला चिकटून, स्वतःच तयार केलेल्या चिकट पदार्थात स्वतःला गुरफटून राहणारी ती सूक्ष्मजीवांची वसाहत असते.

तोंडात ही वसाहत टप्प्याटप्प्याने उभी राहते. प्रथम बुरशीच्या गोल पेशी गालाच्या आतील त्वचेला, दाताला किंवा कवळीला चिकटतात. त्यासाठी त्यांच्या पृष्ठभागावर खास प्रथिने असतात. मग त्या पेशी आपले रूप बदलतात आणि त्यांतून लांब तंतू फुटू लागतात. तंतू एकमेकांत गुंततात, त्यांच्याभोवती शर्करांच्या साखळ्या, प्रथिने आणि मेलेल्या पेशींतून बाहेर पडलेले डीएनए यांचे मिश्रण साचते, आणि एक ते तीन दिवसांत जाड, पक्का थर तयार होतो. पुढे त्यातून सुट्या पेशी बाहेर पडतात आणि दुसऱ्या जागी जाऊन नवी वसाहत वसवतात.

तंतूंचे महत्त्व केवळ गुंतण्यापुरते नाही. ते त्वचेत शिरतात, आणि २०१६ मध्ये असे उघड झाले की हे तंतू ‘कँडिडालायसिन’ नावाचे एक विष सोडून आपल्या पेशींना छिद्रे पाडतात. रुग्णाला होणारी आग आणि दिसणारी लाली यांचा उगम बऱ्याच अंशी येथे आहे.

औषध घेतले की बरे वाटते, सोडले की महिनाभरात पुन्हा तसेच होते. औषध खोटे असते का?

औषध खोटे नसते. ते जेथे पोहोचायला हवे तेथे पोहोचत नाही, ही खरी अडचण आहे, आणि या पानावरील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मला हाच वाटतो.

कापूस पिकवणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. गुलाबी बोंडअळी एकदा बोंडात शिरली की वरून कितीही फवारणी केली तरी फवारा तिला लागत नाही. बुरशीच्या थराचे तसेच आहे. त्याच्या चिकट आवरणातील ग्लुकन नावाची शर्करा औषधाचे कण वाटेतच धरून ठेवते. आतील पेशींच्या अंगी औषध बाहेर फेकणारे पंपही असतात. शिवाय काही मोजक्या पेशी जवळजवळ सुप्तावस्थेत जातात आणि औषधाचा मारा ओसरेपर्यंत तग धरतात. त्यामुळे पाण्यात सुट्या तरंगणाऱ्या बुरशीला मारणारी फ्लुकोनॅझोल या बुरशीनाशक औषधाची मात्रा थरातील बुरशीला पुरत नाही; प्रयोगशाळेत हा फरक शेकडो पटींचा आढळला आहे.

फरदड ठेवली, म्हणजे हंगाम संपल्यावरही कापसाचे जुने पीक शेतात उभे ठेवले, तर पुढच्या हंगामाची अळी त्याच पऱ्हाटीत वाढते, हे कृषी सहायक दरवर्षी सांगतात. तोंडात ही फरदड म्हणजे न घासलेली कवळी, जिभेवरचा जुना थर, किडलेल्या दातांतील खाचा. थर हाताने, ब्रशने, घासून काढणे हा उपचाराचा निम्मा भाग आहे, आणि तो भाग औषधाच्या चिठ्ठीवर क्वचितच लिहिलेला असतो.

तोंड आले आहे की बुरशी झाली आहे, हे कसे ओळखावे?

साधे तोंड आले असेल तर बहुधा एक-दोन गोल, खोलगट, अतिशय दुखणारे व्रण दिसतात आणि ते आठ-दहा दिवसांत भरून येतात. बुरशीची रूपे वेगळी आहेत. सर्वांना ठाऊक असलेले रूप म्हणजे फाटलेल्या दुधासारखे किंवा दह्याच्या कवडीसारखे पांढरे ठिपके. स्वच्छ ओल्या कापडाने पुसले तर ते निघतात आणि खाली लाल, कधी किंचित रक्ताळलेली जागा दिसते.

दुसरे रूप पांढरे नसतेच. अँटिबायोटिकचा कोर्स झाल्यावर जीभ लालभडक, गुळगुळीत होते आणि तिखट तर सोडाच, साधे वरणही झोंबते. पांढरे काही दिसत नाही म्हणून या रूपाकडे घरच्यांचेच नव्हे, कधीकधी डॉक्टरांचेही लक्ष जात नाही. आपल्याकडे ठेचा आणि झणझणीत रस्सा रोजच्या जेवणात असल्याने ‘तिखटाने भाजले’ असे समजून महिने निघून जातात.

तिसरे रूप ओठांच्या कोपऱ्यांत दिसते. तेथे चिरा पडतात, तोंड उघडताना त्या फाटतात. येथे बुरशीसोबत अनेकदा स्टॅफिलोकॉकस जातीचे जिवाणूही असतात, आणि मुळाशी लोहाची किंवा ‘ब’ जीवनसत्त्वांची कमतरता असू शकते. कवळी झिजून दोन्ही जबडे जास्त जवळ येऊ लागले, तर कोपऱ्यांत लाळ साचूनही असे होते. अशा वेळी मलम लावण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घेणे अधिक शहाणपणाचे ठरते, विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत.

वडिलांना कवळी आहे. ती काढली की टाळू लाल दिसतो, पण त्यांना काही दुखत नाही. तरी दाखवायला हवे का?

होय, दाखवावे. कवळीखालच्या टाळूवर नेमका कवळीच्याच आकाराचा लाल पट्टा उमटतो, आणि बहुतेक वेळा तो मुळीच दुखत नाही. म्हणूनच तो वर्षानुवर्षे तसाच राहतो. कवळी ज्या ॲक्रिलिकची बनवतात, त्याचा पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसला तरी सूक्ष्म पातळीवर सच्छिद्र असतो, आणि त्या छिद्रांत बुरशीला उत्तम आसरा मिळतो. कवळीच्या खाली लाळही नीट पोहोचत नाही. थोडक्यात, आजार टाळूला झालेला दिसतो, पण बुरशीचे खरे घर कवळीत असते. टाळूला औषध लावून तीच मळकी कवळी पुन्हा बसवली तर उपचाराचा उपयोग होत नाही.

रात्री झोपताना कवळी काढलीच पाहिजे. पुष्कळ वृद्ध माणसे नातवंडांसमोर बोळके तोंड दिसू नये म्हणून ती रात्रीही काढत नाहीत. त्यांचा हा संकोच समजून घेऊन घरच्यांनीच झाकणाचा एक डबा त्यांच्या उशाशी ठेवावा. रोज कवळी मऊ ब्रशने आणि साध्या साबणाने आतून-बाहेरून घासावी. नेहमीच्या टूथपेस्टने ॲक्रिलिकवर ओरखडे पडतात आणि बुरशीला नव्या खाचा मिळतात, म्हणून ती वापरू नये. राखुंडीने तर मुळीच घासू नये. उकळत्या पाण्यात टाकल्यास कवळी वाकते आणि पुन्हा बसत नाही. रात्री ती स्वच्छ पाण्यात ठेवावी आणि ते पाणी रोज बदलावे.

दंतवैद्य कधी सौम्य केलेल्या हायपोक्लोराइटच्या द्रावणात कवळी बुडवायला सांगतात. ते दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ करू नये, नंतर कवळी भरपूर पाण्याने धुवावी, आणि तिच्यात धातूची तार किंवा सांगाडा असेल तर हे द्रावण वापरूच नये. सैल झालेली, हलणारी कवळी टाळूला घासते आणि तेथे बुरशीला वाट मिळते. अशी कवळी नव्याने बसवून घेणे हाही उपचारच आहे.

खर्ऱ्याचा आणि बुरशीचा काही संबंध आहे का?

आहे, आणि तो एका बाजूने नाही. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या पट्ट्यात सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घोटून केलेला खर्रा घरोघरी पोहोचला आहे. तो गालात धरल्याने तेथील त्वचा सतत चुन्याने भाजते आणि तंबाखूमुळे त्या जागेची स्वतःचे रक्षण करण्याची ताकद घटते. अशा दुखावलेल्या जागी बुरशी सहज चिकटते. सुपारीमुळे गालाची त्वचा हळूहळू ताठ होत जाते आणि तोंड पुरेसे उघडत नाही. दोन बोटेही तोंडात जात नसतील तर मागच्या दाढांपर्यंत ब्रश जाणार कसा? जेथे ब्रश जात नाही तेथे थर साचतो.

याहून काळजीची बाब पुढे आहे. कँडिडा बुरशी दारूतील अल्कोहोलपासून ॲसिटाल्डिहाइड हे रसायन बनवू शकते, आणि दारूसोबत तयार होणारे हे रसायन कर्करोगकारक मानले जाते. खर्रा खाणारा माणूस मोहाची किंवा दुकानातील दारूही पीत असेल, तर त्याच्या गालाच्या त्वचेवर एकाच जागी तीन घातक गोष्टी एकत्र येतात. खर्रा न सोडता बुरशीचा उपचार करून घेणे म्हणजे गळक्या छपराखाली जमीन सारवत बसणे होय, असे मी रुग्णांना स्पष्ट सांगतो, कारण गोड बोलून त्यांचे भले होत नाही.

गालावरचा पांढरा डाग पुसला तरी निघत नाही. हीसुद्धा बुरशीच का?

असू शकते. ओठांच्या कोपऱ्याच्या आतल्या बाजूला, विशेषतः तंबाखू किंवा विडी ओढणाऱ्यांत, बुरशी त्वचेत खोल शिरून जाड पांढरा चट्टा तयार करते आणि तो पुसून निघत नाही. परंतु तंबाखूमुळे येणारा कर्करोगपूर्व चट्टाही असाच दिसतो, आणि बुरशीच्या या प्रकारातही पुढे कर्करोग होण्याचा धोका असतो. नुसत्या डोळ्यांनी यांतील फरक कोणालाही खात्रीने सांगता येत नाही. म्हणून न निघणारा चट्टा दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर त्याचा लहानसा तुकडा काढून तपासणे, म्हणजेच बायोप्सी करणे, आवश्यक आहे. ‘तुकडा काढला की कर्करोग पसरतो’ ही समजूत चुकीची आहे आणि तिने आपल्या भागात फार नुकसान केले आहे. ही तपासणी नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात किंवा सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात करून घेता येते.

बाळाच्या जिभेवर पांढरे आले आहे. आजी टाकणखार मधात कालवून लावायला सांगते. लावावे का?

लावू नये. आजीचा हेतू मायेचा आहे आणि तिच्या काळी दुसरे औषध हाताशी नव्हते, हे खरे आहे. परंतु टाकणखार म्हणजे बोरॅक्स. तो तान्ह्या बाळाच्या पोटात गेला तर विषबाधा होऊ शकते. एक वर्षाखालील बाळाला मध चाटवणेही धोक्याचे आहे, कारण मधातील काही जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बाळाचे स्नायू लुळे पडणारा बोट्युलिझम हा आजार होऊ शकतो.

आधी ते पांढरे दुधाचे आहे की बुरशीचे, हे पाहावे. बोटाला स्वच्छ ओले सुती कापड गुंडाळून हळूच पुसल्यास दूध लगेच निघते आणि खालची जीभ गुलाबी दिसते. बुरशी इतकी सहज निघत नाही आणि ती गालांच्या आत व टाळूवरही असते. आयुष्याच्या पहिल्या काही आठवड्यांत हे पुष्कळ बाळांना होते आणि त्यात आईचा काही दोष नसतो. आशाताईंना दाखवून प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. तेथे मिळणारे औषध दूध पाजल्यानंतर तोंडात सगळीकडे लावायचे असते. घट्ट जेल लहान बाळाच्या घशात अडकू शकते, म्हणून डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ते वापरू नये. आईच्या स्तनाग्रांना आग होत असेल किंवा चिरा पडल्या असतील तर आई आणि बाळ या दोघांवरही एकाच वेळी उपचार करावा लागतो. स्तनपान बंद करण्याचे कारण नाही. बाटली किंवा चोखणी वापरत असल्यास ती रोज उकळावी.

मुलांचे दात किडण्यातही बुरशीचा हात असतो, हे खरे आहे का?

दात जिवाणूंमुळे किडतात, एवढेच आपण शाळेत शिकलो. त्यात आता भर पडली आहे. स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स हा जिवाणू साखरेपासून चिकट ग्लुकन बनवतो. त्यासाठी तो जे विकर (एन्झाइम) सोडतो, ते कँडिडाच्या पृष्ठभागावर जाऊन बसते आणि तेथेही चिकट पदार्थ तयार होऊ लागतो. अशा रीतीने दोघे मिळून एकट्यापेक्षा जाड आणि अधिक आम्ल धरून ठेवणारा थर उभारतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राण्यांवरील प्रयोगात दोन्ही एकत्र असताना दातांची कीड जास्त गंभीर झाली. ज्या मुलांचे समोरचे दुधाचे दात दोन-तीन वर्षांतच काळे पडून झिजतात, त्यांच्या थरात ही जोडी वारंवार आढळते. बाळाला झोपवताना साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवणे किंवा बिस्कीट चहात बुडवून दिवसभर चारणे, यांमुळे त्या दोघांना रात्रंदिवस खाद्य मिळते.

मलाच का झाले? माझ्या घरात दुसऱ्या कोणाला नाही.

तोंडाचे रक्षण प्रामुख्याने लाळ करते. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते; ती तोंड धुऊन काढते आणि तिच्यात हिस्टाटिन नावाची, बुरशीला रोखणारी प्रथिनेही असतात. लाळ कमी झाली की बुरशी वाढते. रक्तदाब, मानसिक आजार आणि ॲलर्जी यांवरील कित्येक औषधांनी तोंड कोरडे पडते. डोके-मानेच्या कर्करोगासाठी घेतलेल्या किरणोपचाराने लाळग्रंथी जवळजवळ थांबतात. चंद्रपूर-ब्रह्मपुरीच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा तेंदूपाने तोडणारी माणसे दिवसभर पुरेसे पाणी न पिता राबतात. त्यांच्या कोरड्या तोंडाचाही विचार व्हायला हवा.

मधुमेहात लाळेतील साखर वाढते आणि रोगप्रतिकारशक्ती घटते. मोठ्या माणसाला काही कारण नसताना तोंडात बुरशी झाली, तर रक्तातील साखर आणि एचआयव्ही या दोन्ही तपासण्या करून घ्याव्यात. एचआयव्हीची चाचणी सरकारी रुग्णालयातील आयसीटीसी (एचआयव्ही समुपदेशन आणि चाचणी) केंद्रात मोफत आणि गोपनीय असते. हे ऐकताच पुष्कळ माणसे दुखावतात. तपासणी म्हणजे चारित्र्यावर संशय नव्हे. लवकर निदान झाले तर औषधांवर माणूस पूर्ण आयुष्य जगतो.

दम्यासाठी स्टेरॉइडचा पंप घेणाऱ्यांनी प्रत्येक वेळी पंप घेतल्यावर चूळ भरून थुंकावी. एवढ्या एका सवयीने बराच त्रास टळतो.

यावर कोणती औषधे आहेत?

निस्टॅटिन हे सर्वांत जुने भरवशाचे औषध आहे. एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोन अमेरिकी स्त्रियांनी व्हर्जिनियातील एका शेताच्या मातीत सापडलेल्या सूक्ष्मजीवापासून ते शोधले आणि १९५० मध्ये जाहीर केले. आपल्या महाराष्ट्रातही, पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये, एम. जे. तिरुमलाचार यांच्या संशोधनातून हॅमायसिन हे असेच औषध तयार झाले होते. आज बहुतेक ठिकाणी तोंडात लावण्याचे क्लोट्रिमाझोल किंवा गिळण्याचे फ्लुकोनॅझोल दिले जाते. उपचार साधारण सात ते चौदा दिवस चालतो. तिसऱ्या दिवशी आग थांबली म्हणून औषध थांबवू नये.

निस्टॅटिन शरीरात शोषले जात नाही. ते जेथे लागते तेथेच काम करते. म्हणून ते तोंडात घोळवून जास्तीत जास्त वेळ ठेवावे आणि त्यानंतर अर्धा तास काही खाऊ-पिऊ नये. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाची गुळणी आणि निस्टॅटिन लागोपाठ घेतल्यास दोन्ही निकामी होतात, त्यामुळे त्यांत किमान अर्ध्या तासाचे अंतर ठेवावे. रक्त पातळ करणारे वॉरफरिन घेणाऱ्यांनी मायकोनॅझोलचे जेल किंवा फ्लुकोनॅझोलची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण रक्तस्राव होऊ शकतो. गर्भवतींनीही ही औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. मेडिकलमधून आपल्या मनाने फ्लुकोनॅझोलच्या एक-दोन गोळ्या आणून खाण्याची पद्धत सर्वांत वाईट आहे: थर तसाच राहतो आणि औषधाला न जुमानणाऱ्या जाती उरतात. कँडिडा क्रुसेई या जातीवर तर हे औषध मुळातच चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये धोकादायक बुरशींची जी यादी केली, तिच्यात कँडिडा अल्बिकन्सला सर्वांत वरच्या गटात ठेवले आहे.

कोरोनानंतर आलेली काळी बुरशी हीच का?

नाही. २०२१ मध्ये नागपूर विभागात ज्या म्युकरमायकोसिसने अनेकांचे जबडे आणि डोळे गेले, ती वेगळ्या कुळातील बुरशी आहे. ती रक्तवाहिन्यांत शिरते आणि रक्तपुरवठा तुटल्याने भाग काळा पडतो. गाल बधिर होणे, वरचे दात अचानक हलू लागणे, टाळू काळा पडणे किंवा डोळ्याभोवती सूज येणे, यांपैकी काहीही दिसले, आणि रुग्णाला मधुमेह असला तर विशेषतः, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे.

एका ताटात जेवल्याने ही बुरशी लागते का?

साधारणपणे नाही. दुसऱ्याचा ब्रश किंवा कवळी मात्र वापरू नये.

हळद, मिठाचे पाणी, दही, कडुनिंबाची काडी यांचा उपयोग होतो का?

कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांनी आराम पडतो आणि अपाय होत नाही. दही-ताक खाण्यास हरकत नाही, मात्र तो उपचार नव्हे. कडुनिंबाची मऊ चावलेली काडी थर घासून काढते, तिचा खरा गुण तोच आहे. मात्र ती जिभेवर आणि दाढांच्या मागच्या बाजूला पोहोचत नाही. लाल झालेल्या जिभेवर कच्ची हळद घासू नये, तिने जखम वाढते.

तपासणीला जाताना काय करावे?

त्या दिवशी सकाळी औषध लावू नये, आणि जीभ मुद्दाम खरवडून जाऊ नये, नाहीतर तपासायला काही उरत नाही. डॉक्टर लाकडी पट्टीने थोडा थर खरवडून काचपट्टीवर घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली तंतू दिसतात का ते पाहतात. उपचार करूनही आजार हटत नसेल तर बुरशी प्रयोगशाळेत वाढवून तिची जात ओळखली जाते. चालू असलेल्या सर्व औषधांची पाकिटे, शुगरचा शेवटचा अहवाल आणि पंप वापरत असल्यास तोही सोबत न्यावा. कवळी असेल तर ती घरी ठेवून येऊ नये, आणि त्या दिवशी धुऊनही आणू नये.